उघडं राहिलेलं मागणं

शिवणमावशी दर रविवारी एकच मागणं मागायची, आणि तेही त्याच शब्दांत. "माझा लेक समुद्रावर गेलाय. त्याला सुखरूप घरी आण." एवढं म्हणून ती खाली बसायची आणि सगळी मंडळी एका सुरात म्हणायची, "प्रभू, आमचं ऐक."

मंडळी म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. हार्डवेअरच्या दुकानामागे एक लांबोळकी खोली होती, तिथे पूर्वी रंगाचे डबे ठेवत. भिंतींतला टर्पेंटाइनचा वास अजून गेला नव्हता. उन्हाळ्यात दारं लावून उपासना चालली की डोकं असं गरगरायचं, की नवख्या माणसाला वाटावं, आपल्याला पवित्र आत्म्याचाच स्पर्श झाला. घडीच्या खुर्च्या गोल मांडलेल्या असत, म्हणजे कुणी डुलकी काढली तर ती साऱ्यांना दिसे. पगारी पाळक ठेवायची ऐपत नव्हती, त्यामुळे सगळ्यांनीच सगळं करायचं. बायबलातलं वचन एकाने वाचायचं, गीत दुसऱ्याने उचलायचं, प्रभुभोजनाची भाकर कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने पहाटे भाजून आणायची. पुढारपण ड्रिलमास्तरांकडे होतं. ते शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. त्यांना माइक लागत नसे, उलट पुढच्या खुर्च्यांवर बसायला लोक बिचकत.

या मंडळीत मागण्याची एक रीत होती. वचन झालं की ज्याला मागायचं असेल त्याने उभं राहायचं आणि नाव न घेता नातं सांगायचं. माझा भाऊ, माझी शेजारीण, आमच्या कारखान्यातला पहारेकरी. नाव देवाला ठाऊकच असतं, तुझं त्याच्याशी काय आहे तेवढं सांग, असं आधीच्या पिढीतल्या कुणीतरी घालून दिलं होतं. आणि ज्याने मागणं उघडलं, त्यानेच ते मिटवायचं. मिळालं तर आभार मानायचे. माणूस गेला तर "मी सोपवते" म्हणायचं, मग मंडळी म्हणणार, "प्रभू, तू सांभाळ." तोवर मागणं उघडं. मागणारा आजारी पडला तर शेजारच्या खुर्चीवरच्याने त्याच्या वतीने मागावं, पण मिटवायला हात लावू नये.

या रीतीपायी गमतीही होत. एकदा ड्रिलमास्तरांच्या गुडघ्यासाठी मंडळीने इतके महिने मागितलं, की शेवटी शिवणमावशीच्या सुनेने भर उपासनेत विचारलं, "मास्तर, परवा तुम्ही मैदानावर पोरांच्या मागे धावत होता, तो गुडघा कुणाचा होता?" मास्तरांनी जीभ चावली. गुडघा केव्हाच बरा झाला होता, आभार मानायचे तेवढे राहून गेले होते.

ही सून चष्म्याच्या दुकानात काचा घासायची, म्हणून सगळे तिला चष्मेवाली म्हणत. सासू-सुनेचं जमत नाही असं जगात म्हणतात. या दोघींचं जमायचं, पण भांडल्याशिवाय जमायचं नाही. मावशी सुईत दोरा ओवताना डोळे बारीक करी, सून म्हणे, "आई, नंबर वाढलाय, उद्या दुकानात या." मावशी म्हणे, "नंबर नाही वाढला, सुया बारीक करायला लागलेत हल्ली." मग सून गुपचूप मापं घेऊन चष्मा करून आणायची, आणि मावशी तो घालून म्हणायची, बघ, सुया सुधारल्या.

मुलगा मालवाहू बोटीवर वेल्डर होता. लग्नाला वर्ष व्हायच्या आतच त्याला बोट मिळाली. सुरुवातीला बंदराबंदरावरून फोन यायचे. मग एका बंदरात तो साबण आणायला म्हणून खाली उतरला तो परत चढलाच नाही. बोटीने वाट पाहिली आणि निघून गेली. कुणी म्हणालं, अंधारात शिडीवरून पाय घसरला असेल. कुणी म्हणालं, पळाला असेल, पोरं पळतात. मावशीने दोन्ही उडवून लावलं. माझा लेक पळणाऱ्यातला नाही, आणि बुडणाऱ्यातलाही नाही, पोहायला मीच शिकवलंय त्याला. मग तो आहे कुठे, असं विचारायची हिंमत कुणाची झाली नाही. तिच्याजवळ त्याचं उत्तर नव्हतं, म्हणून तर मागणं होतं.

वर्षं गेली. बोटीच्या कंपनीने हात झटकले. शेवटी सरकारचाही कागद आला, की हा माणूस आता मृत समजावा. सुनेने तो वाचला, घडी केली आणि कपाटात कपड्यांखाली सरकवला. त्यावर दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. सरकारने त्याला सोपवून टाकलं होतं, आईने नव्हतं.

एके दिवशी दुपारी बेकरीवाला मावशीच्या दुकानात आला. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. एक मशीन, एक टेबल, आणि लोकांच्या विजारी. बेकरीवाला चांगला आडवातिडवा गडी, हाताला कोपरापर्यंत भट्टीचे चटके. लग्नाचं वय उलटून चाललं तरी एकटाच. आईच्या आजारपणात त्याची वर्षं गेली, आणि आई गेल्यावर पाव भाजण्यात. तो विजार टेबलावर ठेवून म्हणाला, "कमरेत सैल करायची होती."

मावशीने विजार उलटून पाहिली. "गेल्या महिन्यात केली की सैल. आता शिवणीत कापडच उरलं नाही. तू पाव विकतोस की स्वतःच खातोस?"

तो हसला नाही.  मग म्हणाला, "मावशी, विजारीचं निमित्त आहे. दुसऱ्याच्या तोंडून तुमच्या कानावर जाण्याआधी म्हटलं आपणच सांगावं. मी तुमच्या सुनेला लग्नाचं विचारलं."

मावशीने कात्री टेबलावर ठेवली.

"ती नाही म्हणाली," त्याने घाईने पुढे सांगितलं. "तुम्ही तिला काही बोलू नका. तिचा काही दोष नाही."

"का नाही म्हणाली?"

"जाऊ द्या ना."

"आता तोंड उघडलंयस तर पुरतं उघड."

बेकरीवाल्याने जमिनीकडे पाहिलं. "म्हणाली, रविवारी आईंच्या मागे सगळ्यांबरोबर मी 'ऐक' म्हणते. मग सोमवारी तुला 'हो' कुठल्या तोंडाने म्हणू?"

एवढं बोलून तो निघाला. विजार तिथेच राहिली.

मावशीला आधी राग आला. रागाची तिला सवय होती, राग आला की कसं वागायचं ते ठाऊक होतं. बेकरीवाल्याचा राग आला, की माझ्या घरावर डोळा ठेवतो. सुनेचा आला, की तिने ही गोष्ट पोटात ठेवली. त्या भरात तिने कुणाच्या तरी कोटाची बाही उलटी जोडली आणि मशीनला चार शिव्या दिल्या. पण बाही उसवता उसवता राग ओसरला, आणि त्याखाली जे होतं ते फार वाईट होतं.

संध्याकाळी सून घरी आली. नेहमीसारखी ओट्याशी उभी राहूनच जेवली. मावशी तिच्याकडे बघत होती. कानामागे केस पांढरे झाले होते. कधी झाले? ही घरात आली तेव्हा खळखळून हसायची, हसताना तोंडावर हात धरायची. अलीकडे हात धरावा लागत नव्हता. मावशीला एकदम कळलं, की आपण दर रविवारी देवाकडे एक माणूस मागतो आणि त्याबदली एक बाई गहाण ठेवतो. तिला कुणी विचारलं नव्हतं. ती मुकाट्याने "ऐक" म्हणत राहिली होती.

"बसून जेव की," मावशी म्हणाली.

"सवय झालीय," सून म्हणाली.

मावशी आठवडाभर गप्प होती. ती गप्प बसली की घरात काहीतरी शिजतंय हे सुनेला ठाऊक होतं, पण तिला वाटलं सांधे दुखत असतील. मावशीचं मन मात्र एकाच जागी घोटाळत होतं. मागणं मिटवायचं म्हणजे "सोपवते" म्हणायचं, आणि सोपवते म्हणायचं म्हणजे आपल्या तोंडाने त्याला मारायचं. सरकारने मारलं, कंपनीने मारलं, त्याचं काही वाटलं नव्हतं, ते परके. आईने म्हटलं की खरंच मेला. आणि समजा उद्या दार वाजलं, दारात तो उभा राहिला आणि म्हणाला, आई, तूसुद्धा? मग काय सांगायचं त्याला?

पण दार वाजलं नाही. रविवार मात्र आला.

वचन वाचून झालं. एकीने भावाच्या नोकरीसाठी मागितलं, एकाने बायकोच्या खोकल्यासाठी. मावशी उभी राहिली. तिचं ठरलेलं असल्यामुळे लोकांचं अर्धं लक्ष गीताच्या पुस्तकात होतं.

"माझा लेक," मावशी म्हणाली आणि थांबली. मग घाईने, कडू औषध घशाखाली लोटावं तसं म्हणाली, "मी सोपवते."

 "ऐक" म्हणायला कित्येकांची तोंडं उघडली होती, ती तशीच राहिली. ड्रिलमास्तरांचा एवढा आवाज, पण तोही कुठे गेला कुणास ठाऊक.

"आई, नको," सून म्हणाली. ती शेजारीच बसली होती. "आई, हे काय करताय? नको."

मावशीने तिच्याकडे पाहिलं नाही. समोर बघतच म्हणाली, "म्हण."

"मी नाही म्हणणार."

"घरच्या माणसाने म्हटल्याशिवाय मिटत नाही. म्हण बाई. मला उभं राहवत नाही फार वेळ."

सुनेने ओठ घट्ट मिटले. मग तिची मान खाली गेली आणि कसंबसं ऐकू आलं, "प्रभू, तू सांभाळ." तेव्हा कुठे बाकीच्यांनी म्हटलं, तेही एकसुरात नाही, कुणी आधी, कुणी नंतर. बेकरीवाला भाकरीच्या ताटाजवळ पाठमोरा उभा होता. त्याचे कान लाल झाले होते.

घरी जाताना सून दहा पावलं पुढे चालत होती. कोपरा ओलांडल्यावर ती गर्रकन वळली. "त्याने सांगितलं ना तुम्हाला? बेकरीवाल्याने?"

"त्याच्या विजारीत कापड उरलं नव्हतं, म्हणून आला होता."

"आई, थट्टा नको. माझ्यासाठी केलंत हे. तुमच्या मनात तो जिवंत आहे आणि तुम्ही देवासमोर उभं राहून खोटं बोललात."

"बोलले," मावशी म्हणाली. "देव तरी माझ्याशी खरं कुठे बोलला? इतकी वर्षं विचारतेय, ना 'हो' म्हणतो, ना 'नाही'. एवढं एक खोटं त्याला पचेल."

सुनेला रडू फुटलं. भर रस्त्यात, भाजीच्या पिशव्या घेऊन लोक येत-जात असताना, ती सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मावशी तिच्या पाठीवर थोपटत राहिली, पण तिच्या स्वतःच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. आईच खरी दगडाची, असं बघणाऱ्याला वाटलं असतं.

खरी गोष्ट सुनेने ओळखली तीच होती. मावशीने तोंडाने सोपवलं होतं. मनाने मात्र लेकाला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. पुढच्या रविवारी मागण्याची वेळ झाली आणि तिचे पाय आपोआप उचलले गेले, तेव्हा तिने खुर्चीची कड धरून स्वतःला खाली दाबलं. ती मूग गिळून बसायची, पण आत ते वाक्य पुरतं म्हणून व्हायचं, आणि "ऐक" म्हणायचं कामही तिला एकटीलाच करावं लागायचं. ते फार थकवणारं होतं. पूर्वी सगळी खोली तिच्याबरोबर ते ओझं उचलायची.

सून महिनोन्महिने बधली नाही. मावशीने तिच्यामागे टुमणं लावलं. कधी गोडीत, कधी टोमण्यात. "पाव शिळा झाला की कुणी घेत नाही, आणि पाववालासुद्धा." शेवटी एकदा सून घरी आली, ओट्याशी न थांबता खुर्ची ओढून बसली, आणि म्हणाली, "मी त्याला हो म्हटलं." मावशीने ताट वाढलं. मग मोरीत जाऊन नळ सोडून बराच वेळ भांडी घासली. घासण्यासारखी भांडी फारशी नव्हती.

लग्नाचा पोशाख मावशीनेच शिवला. कापड उंची नव्हतं, पण अंगावर असा बसला की चष्म्याच्या दुकानाची मालकीण म्हणाली, दुकानातून आणल्यासारखा वाटतो. मावशीला ती स्तुती आवडली नाही. दुकानातलं कधी असं बसतं का?

"लग्नानंतर तुम्ही आमच्याकडे यायचं," सून म्हणाली. ती स्टुलावर उभी होती आणि मावशी खाली बसून काठ टाचत होती.

"वेडी की खुळी? सुनेच्या नव्या सासरी सासू राहायला गेली, असं ऐकलंयस कुठे?"

"मग मला माहेर कुठलं?"

मावशीच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून तिला बोलता आलं नाही. ते बरंच झालं.

"आणि घरचं मागणं तुम्हीच म्हणायचं," सून म्हणाली. "माझ्या बाजूचं तुमच्याशिवाय कोण आहे?"

घरचं मागणं ही तिथली लग्नातली पद्धत होती. वचनं देऊन झाली की घरच्या वडीलधाऱ्याने जोडप्यासाठी मागायचं आणि मंडळीने उत्तर द्यायचं. त्याशिवाय लग्न पुरं होत नसे. मावशीने वाक्य तयार केलं. माझी सून आणि माझा जावई, यांचं घर उभं कर. सुनेचा नवरा जावई कसा, हा हिशोब तिचा तिलाच गमतीचा वाटला. ती मशीन चालवताना ते म्हणे, जिना उतरताना म्हणे. इतकं साधं वाक्य, चुकण्यासारखं त्यात होतं काय?

लग्नाच्या दिवशी खोली माणसांनी भरली. कुणीतरी खिडक्या उघडल्या होत्या, तरी टर्पेंटाइन होतंच. बेकरीवाल्याने स्वतःच्या लग्नाची भाकरही स्वतःच भाजून आणली होती, दुसऱ्याची भाकर फुगत नाही म्हणून. त्याच्या कोटाची बटणं लागली, तेव्हा मावशीने सुटकेचा श्वास टाकला. वचनं झाली. सुनेचा आवाज स्पष्ट होता, त्याचाच कापला. ड्रिलमास्तर म्हणाले, "आता घरचं मागणं."

मावशी उभी राहिली. समोर दोघं हातात हात घेऊन उभी होती. सुनेचा चेहरा कितीतरी वर्षांनी उजळला होता, आणि त्या चेहऱ्याकडे बघून मावशीला आनंद झाला, अगदी खरा आनंद. त्याच क्षणी तिला आठवलं की हा चेहरा असाच याआधी एकदा बघितला होता, तेव्हा शेजारी दुसरा माणूस उभा होता.

"माझी सून," मावशी म्हणाली, "आणि माझा..."

'माझा' म्हटल्यावर पुढे काय यायचं ते जिभेला वर्षानुवर्षं पाठ होतं. जिभेने मावशीला विचारलंच नाही.

"माझा लेक समुद्रावर गेलाय. त्याला सुखरूप घरी आण."

आणि मंडळीने, तिच्याइतकीच वर्षं उत्तर पाठ असलेल्या त्या सगळ्या माणसांनी, काही समजायच्या आत एका सुरात म्हटलं, "प्रभू, आमचं ऐक."

ड्रिलमास्तरांनी म्हटलं. चष्म्याच्या दुकानाची मालकीण पाहुणी, तीही इतरांचं बघून म्हणाली. नवऱ्या मुलीने म्हटलं. नवऱ्या मुलाने म्हटलं, आणि त्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता, कारण लग्नात मोठ्याने उत्तर द्यायचं असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

मग सगळ्यांना कळलं.

 सुनेने दुसरा हात तोंडावर नेला. मागून कुणी तरी दबक्या आवाजात म्हणालं, "चुकून झालं, धरू नका." ड्रिलमास्तर पुस्तकाची पानं उलटू लागले, जणू अशा प्रसंगासाठी त्यात एखादं पान असेल. पण असं पान नव्हतं, आणि रीत सगळ्यांना ठाऊक होती. मागणं पुन्हा उघडलं होतं. सगळ्यांनी मिळून उघडलं होतं, नवरा-नवरीनेसुद्धा.

 लाजेने मावशीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. इतकं जपून, इतकं गिळून, नेमकं आज.

बेकरीवाला एक पाऊल पुढे आला. "मावशी, राहू द्या," तो म्हणाला. "उघडं राहू द्या. मीसुद्धा 'ऐक' म्हटलंय. म्हटलेलं मागे घेत नाही मी."

तो हे दाखवायला बोलत नव्हता. त्याच्या चेहऱ्याकडे बघून मावशीला कळलं, की हा माणूस खरंच दर रविवारी आपल्या बायकोच्या पहिल्या नवऱ्यासाठी उत्तर देईल, आणि मनापासून देईल, आणि त्याबद्दल घरी कधी ब्रही काढणार नाही. तिने सुनेकडे पाहिलं. सून "राहू द्या" म्हणाली नाही, "मिटवा" म्हणाली नाही. ती फक्त सासूकडे बघत होती. या वेळी कुणीच काही मागत नव्हतं, कुणासाठी काही करायचं नव्हतं, लग्नाची वचनंही देऊन झाली होती. आणि म्हणूनच मावशीला ते पहिल्यांदा ऐकू आलं: ती आत्ता काय म्हणाली, आणि किती वर्षं म्हणत होती, आणि त्याला काय उत्तर येत होतं. उत्तर मंडळीचंच येत होतं. दुसरं कुणाचंच कधी आलं नव्हतं.

तो साबण आणायला उतरला होता. पळून जाणारा माणूस साबण कशाला आणेल? तिचा लेक पळणाऱ्यातला नव्हता, हे तिचं तिनेच किती वेळा लोकांना बजावलं होतं. मग उरलं काय, ते तिला तेव्हापासूनच माहीत असायला हवं होतं. रात्रीचं पाणी, आणि बोटीची उंच शिडी. तिने शिकवलेलं पोहणं तळ्यातलं होतं.

"नाही रे बाबा," ती बेकरीवाल्याला म्हणाली. "तू चांगला आहेस. पण नको."

तिने खुर्चीची पाठ धरली.

"माझा लेक," ती म्हणाली. "तो गेला. बुडाला तो. मी त्याला सोपवते."

सुनेने कुणी सांगायची वाट पाहिली नाही. सगळ्यांच्या आधी तिचाच आवाज आला, आणि मग बाकीच्यांचा. "प्रभू, तू सांभाळ."

मावशी खाली बसली आणि रडू लागली. हळू नाही, तोंड दाबून नाही. मेलेल्या पोराची आई रडते तशी, तोंड उघडून, हेल काढून. त्याची ना माती झाली होती, ना गीत म्हटलं गेलं होतं, ना शेजारीपाजारी येऊन बसले होते. जे व्हायचं राहिलं होतं ते सगळं आज सुनेच्या लग्नात झालं. नवी नवरी तो नीट बसवलेला पोशाख चुरगळत खाली जमिनीवर बसली आणि तिने सासूच्या मांडीवर डोकं ठेवलं. बेकरीवाला शेजारी उकिडवा बसला, आणि त्याच्या विजारीची शिवण उसवल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला, पण कुणी हसलं नाही.

बराच वेळ गेला. भाकर ताटात झाकलेली होती. ड्रिलमास्तर जवळ आले, वाकले, आणि जन्मात पहिल्यांदा हलक्या आवाजात बोलले. "बाई, पुढे चालवू का?"

मावशीने नकारार्थी मान हलवली.

"थांबा जरा, मास्तर," ती म्हणाली. "अजून माझं रडून झालं नाही."

मास्तर मागे सरले आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.